240 टी-शर्टांनंतर

पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने कॉलेजच्या गॅदरिंगसाठी 240 टी-शर्ट छापून घेतले. मेसमधली डाळ, सबमिशनच्या रात्री, ऐन प्रॅक्टिकलला बंद पडणारे मशीन अशा विषयांवर मराठीत एकेक ओळ. आठ दिवसांत सगळे संपले आणि खर्च वजा जाता हातात बऱ्यापैकी पैसे उरले. नोकरीला लागलेल्या एका सिनियरने तर दहा लाख रुपये गुंतवायची तयारी दाखवली. मे महिन्याच्या सुट्टीत ती इचलकरंजीला मामाच्या शिलाई युनिटमध्ये जाऊन बसली. मामाचे काम शर्टांच्या जॉबवर्कचे. तिला टी-शर्टांचा ब्रँड काढायचा होता आणि मामाला त्यात ब्रँड दिसत नव्हता.

"मामा, 240 पीस आठ दिवसांत गेले. एकसुद्धा उरला नाही."

"उरणार कसा? पैसे आधी घेतलेस, मापं आधी लिहून घेतलीस, मग छापलेस. त्याला ऑर्डर म्हणतात, बाळ. घेणारा कोण आणि त्याचं माप काय हे ठाऊक नसताना कात्री लावावी लागते, तिथनं धंदा सुरू होतो."

मामाचे हे बोलणे हिशेबाने तपासून पाहावे असे आहे. चार डिझाइन, तीन रंग आणि पाच मापे धरली की 60 प्रकार होतात. प्रत्येकाचे 20 पीस ठेवायचे म्हटले तर 1,200. कापड, शिलाई, छपाई आणि पॅकिंग मिळून एका पीसला 190 रुपये धरले, तर पहिली विक्री होण्याआधीच 2 लाख 28 हजार रुपये रॅकवर जाऊन बसतात. त्यातले एम आणि एल आधी उठतात, एस आणि डबल एक्सएल पडून राहतात. म्हणून कटिंग करताना एस-एम-एल-एक्सएलला 1:2:2:1 असा काहीतरी रेशो लावतात. पण कॉलेजच्या मुलांचा रेशो वेगळा, जिमला जाणाऱ्यांचा वेगळा, चाळिशीतल्या गिऱ्हाइकांचा आणखी वेगळा. आपला कोणता, हे दोन-तीन लॉट विकल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

भाचीकडे यावर तयार उत्तर होते: प्रिंट ऑन डिमांड. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगासाठी वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे पाच-दहा पीस परवडत नाहीत. डीटीजी आणि डीटीएफच्या यंत्रांनी ती अडचण दूर केली आहे. ऑर्डर आली की छपाईवाला एकच पीस छापतो आणि परस्पर गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवतो. स्टॉक नको, गोदाम नको.

"म्हणजे मला कात्री लावावीच लागत नाही, मामा."

"तुला लागत नाही, तशी दुसऱ्यालाही लागत नाही. तुझी ओळ चालली की चार दिवसांत दहा जण तीच छापतील. त्याच माणसाकडनं, तसल्याच कोऱ्या टी-शर्टवर."

यावर ती थोडी थांबली, पण नमली नाही. तिने बेवकूफ डॉट कॉमचे नाव काढले. आयआयटी मुंबईत सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेल्या प्रभकिरण सिंग आणि सिद्धार्थ मुनोत यांनी 2012 मध्ये तीसेक हजार रुपयांत हा ब्रँड सुरू केला. प्रभकिरण त्याआधी लस्सी विकत होता. "त्यांनीही ओळीच छापल्या ना? कापड काही त्यांनी शोधून काढलं नव्हतं. पोरं आपसांत जे बोलतात ते अंगावर घालायला दिलं, तेही पॉकेटमनीत परवडेल अशा किमतीत."

"पुढं काय झालं त्याचं?"

"मोबाइल कव्हर आली, जॉगर आले, गुंतवणूकदार आले. मग आदित्य बिर्ला फॅशनच्या टीएमआरडब्ल्यूनं त्यातला मोठा हिस्सा घेतला."

"म्हणजे विकलाच की."

"विकला म्हणजे बुडाला असं नाही, मामा. बिर्लांना घ्यावासा वाटला, असं का नाही म्हणत तुम्ही?"

इथे भाचीची बाजू खरी आहे. दोन विद्यार्थ्यांच्या खोलीतून निघालेला ब्रँड देशातल्या मोठ्या कापड उद्योगाने घेणे हे यशच आहे, आणि ते ओळींच्या बळावर आले हेही खरे. मात्र त्या गोष्टीत काळाचाही वाटा होता. 2012 च्या सुमारास फेसबुकच्या पानावर टाकलेली पोस्ट पैसे न भरता हजारो लोकांपर्यंत जाई. आज तेवढ्याच डोळ्यांसाठी जाहिरात विकत घ्यावी लागते, आणि ती एकेका पीसच्या हिशेबात येऊन बसते.

मामाने तो हिशेब कटिंग टेबलावरच खडूने मांडला. टी-शर्ट 499 रुपयांना विकला असे धर. जीएसटीचे 24 गेले, माल 190 चा, कुरिअर 70, जाहिरात 120. हातात राहिले 95. आता कॅश ऑन डिलिव्हरीवर मागवणाऱ्याने दारात आलेले पार्सल घेतलेच नाही, तर जाण्यायेण्याचे 140 आणि जाहिरातीचे 120 असे 260 रुपये बुडाले. एका परतीने जवळजवळ तीन विक्रींचा नफा खाल्ला. ऑनलाइन विकणारे लोक अशा परतीला आरटीओ म्हणतात आणि तिला घाबरून असतात. गॅदरिंगच्या धंद्यात हे काहीच नव्हते, कारण गिऱ्हाईक शेजारच्या बाकावर बसलेले होते.

डिझाइनांच्या फाइलमध्ये दोन गाजलेल्या मराठी सिनेमांतले संवाद आणि एका परदेशी सुपरहिरोचे चित्रही होते. ते तिने त्याच दिवशी काढून टाकावे हे मामा, भाची आणि तिथला सुपरवायझर अशा तिघांनाही पटले. मुंबईच्याच द सोल्ड स्टोअरने 2013 पासून असल्या पात्रांच्या कपड्यांचा धंदा मोठा केला, पण हक्क असलेल्या कंपन्यांकडून परवाने घेऊन. परवान्याशिवाय छापलेला माल कॉलेजात खपून जातो. ब्रँडच्या नावाने विकला की नोटीस येऊ शकते.

खरा वाद रंगला तो जिमशार्कवरून. गंमत म्हणजे त्या एकाच गोष्टीत दोघांनाही आपापला पुरावा सापडला.

बेन फ्रान्सिस हा बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठातला विद्यार्थी. पिझ्झा हटचे पिझ्झे घरोघर पोचवून तो पैसे मिळवत होता. 2012 मध्ये मित्र लुईस मॉर्गनबरोबर त्याने जिमशार्क नावाची वेबसाइट काढली, तेव्हा तिच्यावर कपडे नव्हतेच. व्यायाम करणाऱ्यांची प्रोटीन पावडरसारखी उत्पादने दुसऱ्याच्या गोदामातून परस्पर पाठवायची, असा तो बेत होता. त्यात सुटणारा नफा नगण्य होता.

"हे तुझं प्रिंट ऑन डिमांडच की," मामा म्हणाला. "दुसऱ्याचा माल, दुसऱ्याचं गोदाम, आपलं नुसतं नाव. मग काय केलं पोरानं?"

"शिलाई मशीन आणि स्क्रीन प्रिंटर घेतला. आईवडिलांच्या गॅरेजमध्ये मांडला. आजीनं शिवायला शिकवलं."

"हां! आता बोललीस."

पण भाचीचे बोलणे तिथे संपले नव्हते. मशीन पुष्कळांकडे असते. जिमला जाणाऱ्या पोरांना काय हवे आहे हे बेनला माहीत होते, कारण तो स्वतः त्यांच्यातला होता. त्या वेळी मिळणारे जिमचे कपडे ढगळ, चौकोनी कटचे. ज्यांनी महिनोन्‌महिने घाम गाळून खांदे कमावले त्यांना ते दिसायला हवे होते. जिमशार्कने अंगाबरोबर बसणारा कट आणला. 2013 मध्ये बर्मिंगहॅमच्या बॉडीपॉवर प्रदर्शनात त्यांनी स्टॉल लावला. त्यानंतर त्यांचा लक्स नावाचा ट्रॅकसूट ऑनलाइन इतका गाजला की अर्ध्या तासात 30 हजार पौंडांची विक्री झाली. व्यायामाचे व्हिडिओ करणाऱ्या यूट्यूबरांना त्यांनी कपडे पाठवले, कारण ते स्वतः त्याच मुलांचे व्हिडिओ पाहत होते. आज ज्याला इन्फ्लुएन्सर मार्केटिंग म्हणतात त्याचे हे आरंभीचे दिवस.

"मामा, मशीनआधी त्याला माणसं ठाऊक होती."

"आणि माणसं ठाऊक असून कट जमला नसता तर?"

प्रश्न दोन्ही बाजूंनी बरोबर आहे, पण या लेखकाचा कल इथे भाचीकडे झुकतो. कट जमवणारे कारागीर बर्मिंगहॅममध्येही असतील आणि इचलकरंजीत तर गल्लोगल्ली आहेत. ढगळ बनियनमुळे कुणाचा हिरमोड होतो, हे मात्र त्या वयाच्या, त्या जिममधल्या मुलालाच दिसले. विद्यार्थ्याकडे भांडवल नसते, अनुभव नसतो, उधारीवर माल देणारा कुणी नसतो. एका विशिष्ट गटाच्या अंगावर काय बोचते याची रोजची माहिती तेवढी असते, आणि ती मोठ्या कंपनीला सहजासहजी मिळत नाही.

केविन प्लँकची गोष्टही याच जातीची. तो अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या फुटबॉल संघात खेळत असे. पॅडखालचा सुती टी-शर्ट घामाने ओलाचिंब आणि जड होई. घट्ट शॉर्ट मात्र कोरडी राही. तशाच धाग्याचा टी-शर्ट का नसावा, एवढाच त्याचा प्रश्न. 1996 मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातल्या आजीच्या घराच्या तळघरातून त्याने अंडर आर्मर सुरू केली. आधीचे साथीदार खेळाडू, त्यातले काही व्यावसायिक संघांत गेलेले. त्यांना त्याने शर्ट वापरायला दिले. पहिल्या वर्षीची विक्री 17 हजार डॉलर. क्रेडिट कार्डांवर त्याने हजारो डॉलरचे कर्ज करून ठेवले होते. 2005 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

मामाला प्लँक आवडला. त्याचे कारण मामाच्या गावात आहे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी बसवला आणि त्या एका मागापासून गावाचा धंदा वाढत गेला. कापड हातात घेऊन त्याचा दोष सांगणारी माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. "प्लँकनं धागा बदलला, त्या जिमवाल्यानं कट बदलला. तू काय बदलणार ते सांग," मामा म्हणाला. "ओळ बदलणार, हे सांगू नकोस."

त्या प्रश्नाला उत्तर नव्हते म्हणून असेल, पण भाचीने विषय पैशांवर नेला. सिनियरचे दहा लाख घेतले तर निदान स्टॉकची भीती उरणार नाही, असे तिचे म्हणणे. मोठे व्हायचे तर दुसऱ्याचा पैसा घ्यावाच लागतो. बोनोबोजनेही घेतला.

बोनोबोज ही स्टॅनफर्डमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या दोन मुलांची कंपनी. पुरुषांच्या पॅन्ट मागे नीट बसत नाहीत हे पाहून ब्रायन स्पेलीने कमरपट्टीला वळण दिले आणि नवा कट तयार केला. त्याचा खोलीतला जोडीदार अँडी डन याने तो विकायचे काम अंगावर घेतले. 2007 मध्ये वेबसाइट सुरू झाली. पुढे त्यांनी अशी दुकाने उघडली की तिथे प्रत्येक माप घालून बघायला मिळे, पण पॅन्ट हातात मिळत नसे. ती नंतर घरी येई. दुकानात ढिगाने माल भरायची गरजच राहिली नाही. मापांच्या डोकेदुखीवर इतका चांगला तोडगा क्वचितच कुणी काढला असेल. दहा कोटी डॉलरहून अधिक भांडवल त्यांनी उभे केले आणि 2017 मध्ये वॉलमार्टने 31 कोटी डॉलर देऊन कंपनी घेतली.

"बघा! 31 कोटी डॉलर."

"आणि आज?"

2023 मध्ये वॉलमार्टने ती साडेसात कोटी डॉलरला विकून टाकली. भाचीला हे माहीत होते. तिने ते लपवले नाही. मामाच्या मते हा उसन्या पैशाचा परिणाम. पॅन्ट चांगली होती, पण तिच्यावर चढवलेली किंमत तिला पेलवली नाही. भाचीचे म्हणणे, संस्थापक गेल्यावर मोठ्या कंपनीने काय केले त्याचा दोष भांडवलाला कसा देता येईल? हा वाद त्या दुपारी मिटला नाही आणि तो मिटण्यासारखाही नाही. पॅन्टची मापे कंबर आणि लांबी अशी दुहेरी, त्यामुळे बोनोबोजला साठ्यासाठी पैसा लागणारच होता.

जिमशार्कने मात्र बाहेरचा मोठा पैसा घेतला तो थेट 2020 मध्ये. जनरल अटलांटिकने 21 टक्के हिस्सा घेतला, तेव्हा कंपनीचे मोल एक अब्ज पौंडांच्या वर धरले गेले. तोवरची आठ वर्षे ती गिऱ्हाइकांच्या पैशावरच वाढली. वेबसाइटवर विकताना पैसे आधी येतात, माल नंतर जातो. कट निराळा असल्यामुळे लोक सवलतीची वाट न पाहता घेत होते. या आठ वर्षांतली एक गोष्ट मामाने भाचीकडून दोनदा ऐकून घेतली. धंदा हाताबाहेर वाढतोय हे दिसल्यावर बेनने प्रमुखपद सोडले आणि रीबॉकमध्ये काम केलेल्या स्टीव्ह ह्यूइटच्या हाती कारभार दिला. स्वतः कंपनीतल्या वेगवेगळ्या विभागांत काम शिकला आणि 2021 मध्ये पुन्हा प्रमुख झाला. विशीतल्या मुलाने आपल्याला काय येत नाही हे ओळखून खुर्ची सोडणे, मामाच्या मते अर्ध्या तासातल्या 30 हजार पौंडांपेक्षा मोठे. यात या लेखकाचे मत मामाच्या बाजूने आहे.

"तरी ऐक, नफा किती?"

2023 च्या आर्थिक वर्षात जिमशार्कची विक्री 55 कोटी पौंडांच्या पुढे होती आणि करपूर्व नफा सव्वा कोटीहून थोडा जास्त. मामाने टेबलावर भागाकार केला. शंभराला अडीचही पडत नव्हते. "एवढा मोठा झाला तरी कपडा त्याला असाच दमवतो, बघ."

चहा झाल्यावर मामाने वेगळाच प्रश्न टाकला. "तुझ्या मैत्रिणी रोज असं काय घालतात, की ज्याच्या नावानं त्या बोटं मोडतात?"

भाचीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "सनकोट."

पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या हजारो मुली उन्हाळ्यात तोंडाला स्कार्फ गुंडाळतात आणि अंगात सनकोट चढवतात. हँडल धरले की त्याची बाही मनगटाच्या वर सरकते आणि तेवढाच पट्टा काळवंडतो. मागची बाजू वाऱ्याने फुगते. टोपी हेल्मेटखाली बसत नाही. पार्किंगची पावती ठेवायला धड खिसा नसतो. सिंथेटिक असेल तर सिग्नलला उभे राहिले की आत घामाच्या धारा. तिने हे सगळे एका दमात सांगितले, कुठलीही नोंद न पाहता, कारण रोजचेच होते.

मामा उठला आणि रॅकवरून कॅम्ब्रिकचा तागा काढून आणला. आता बोलण्याची सूत्रे त्याच्याकडे आली. हँडल धरताना हात पुढे जातो, म्हणून पाठीत योकखाली प्लीट हवी. मग बाही ओढली जाणार नाही. बाही दीड-दोन इंच लांब ठेवून टोकाला अंगठ्यासाठी काज करायचे. टोपीला हेल्मेटखाली जाड शिवण चालणार नाही, ती सपाट दाबावी लागेल. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, त्यामुळे कापायच्या आधी मीटरभर धुऊन किती आटते ते मोजायचे आणि तेवढे माप वाढवायचे. दोन ताग्यांची शेड जुळत नसेल तर एका कोटाची बाही दुसऱ्या ताग्यातून घ्यायची नाही. टी-शर्टाला कोरा माल बाहेरून आणावा लागला असता. हे कापड तर गावातच विणले जाते. आणि सैलसर कोटाला पाच मापे लागत नाहीत, तीन पुरतात. सकाळी मांडलेले 60 प्रकार दोन रंगांत सहावर आले.

किमतीवर मात्र दोघांचे जमेना. भाची 899 म्हणत होती. मामाच्या मते रस्त्यावर तीनशे-साडेतीनशेला कोट मिळतो, तिथे नऊशे कोण देईल? तिचे उत्तर असे की त्या कोटात या मुली रोज भाजून निघतात, त्यांना फरक पहिल्या दिवशी कळेल. अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला जीएसटी पाच टक्केच आहे, तेव्हा कराने किंमत चढायची नाही. पण दुसऱ्या राज्यात पार्सल पाठवायचे तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. नाव ठरले की कपड्यांच्या 25 व्या वर्गात ट्रेडमार्कचा अर्ज करायचा, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन शुल्क साडेचार हजार. हे दोन्ही तिनेच पाहून ठेवले होते.

उधारीचा विषय निघाला तेव्हा मामाने सरळ नकार दिला. लहान कारखानदाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असा कायदा 2006 पासून आहे, तरी वसुलीसाठी त्याला फोन करत बसावे लागते. भाचीला तसे फोन करायची वेळ येऊ नये एवढीच त्याची इच्छा. निम्मे पैसे कापडाच्या वेळी, निम्मे माल उचलताना. पहिला लॉट 60 पिसांचा, खर्च गॅदरिंगच्या पैशांतून. त्यातले दहा ती रोज वीसेक किलोमीटर स्कूटर चालवणाऱ्या मुलींना फुकट देणार, प्लँकने आणि बेनने दिले तसे. मामाने त्याला होकार दिला, पण एका अटीवर: महिनाभर वापरून आणि धुऊन झाले की ते दहाही कोट दोन दिवसांसाठी इचलकरंजीला यायला हवेत. खांदा, काख आणि अंगठ्याचे काज उलटे करून त्याला बघायचे होते.

सिनियरला तिने अजून नाही म्हटलेले नाही. उरलेल्या 50 पैकी किती जणी दुसरा रंग मागायला स्वतःहून परत येतात ते आधी बघते आणि मग आकडा सांगते, असा निरोप तिने त्याला संध्याकाळच्या एसटीत बसल्यावर पाठवला.